बडोद्यात, आईच्या माहेरी

रविवार

आई ज्येष्ठात गेली. पावसाळाभर मी माणसांत होते, कामात होते, बोलतही होते. फक्त रात्रीचे नऊ वाजले की मला घरात बसवत नसे. नऊ ही आमची फोनची वेळ. काचबिंदूनं आईचं वाचणं सुटलं, तेव्हापासून मी ठाण्याहून तिला फोनवर गीताईचा, म्हणजे विनोबांच्या मराठी गीतेचा, एक अध्याय वाचून दाखवायची. तिला सगळं पाठ होतं, तरी ऐकायचं असायचं. माझा एखादा शब्द घसरला की ती तिकडून लगेच अडवायची. नववा अध्याय वाचून झाला आणि दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात हलवलं. त्यानंतर ते पुस्तक हातात घेतलं तरी माझा आवाज फुटत नसे.

मार्गशीर्ष लागला आणि मावशीचा बडोद्याहून फोन आला. "तू ये. काही करायचं नाही इथे, नुसती ये."

बोरिवलीहून सकाळची गाडी धरली. वलसाड, सुरत, भरूचचा नर्मदेवरचा पूल. दुपारी दांडियाबाजारात मावशीच्या दारात उतरले. हे आईचं माहेर. गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात इकडे आलेल्या मराठी घरांपैकी आईचं एक. माजघरातला झोपाळा तोच, देवघराची खिडकी तीच. घरात बोलणं मराठी, पण भाजीला 'शाक' म्हणायचं आणि जिन्यावर भेटलेल्या शेजारणीशी गुजरातीत शिरायचं ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मावशीनं मला जवळ घेतलं, रडू दिलं, मग म्हणाली, "चल, शाक गार होतंय."

बरं व्हायला म्हणून मी आले नव्हते. ठाण्यात मी समुपदेशक बाईंकडे जात होते, त्यानं झोप परत आली होती, आणि ज्यांची झोप आणि जेवण दोन्ही गेलंय त्यांनी आधी तिकडे जावं असं मला मनापासून वाटतं. मला वेगळंच हवं होतं. आईशी माझं जे रोजचं चालायचं ते पुढे कसं चालवायचं, हे शोधायचं होतं.

सोमवार

मावशीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर अरविंद निवास आहे. श्री अरविंद १८९३ ते १९०६ बडोदे संस्थानात होते, कॉलेजात शिकवत होते, इथेच मराठी आणि गुजराती शिकले. हा बंगला खासेराव जाधवांचा, त्यांच्या स्नेह्यांचा. आता इथे श्री अरविंदांचे पवित्र अवशेष ठेवले आहेत आणि लोक ध्यानाला येऊन बसतात.

पण मी आले होते दुसऱ्या एका गोष्टीसाठी. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेची काँग्रेस फुटली, आणि त्यानंतर श्री अरविंद बडोद्याला आले. इथे त्यांची गाठ विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याशी पडली. १९०८ च्या जानेवारीत सरदार मजुमदारांच्या वाड्यातल्या वरच्या खोलीत दोघे तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलं ते अगदी साधं होतं: बसा, आणि बघा की विचार तुमच्या आतून येत नाहीत, बाहेरून आत शिरतात, शिरायच्या आधीच त्यांना परतवा. श्री अरविंदांचं मन त्या तीन दिवसांतच पूर्ण निःशब्द झालं. त्यानंतर मुंबईला भाषण द्यायचं होतं आणि मनात तर एकही विचार नाही. लेले म्हणाले, सभेला नमस्कार करा आणि थांबा, बोलणं येईल. आणि ते आलं. एवढ्या मोठ्या साधनेची ही सुरुवात एका मराठी माणसाच्या हातून, आपल्या बोलीइतक्या सरळ सूचनेतून झाली, याचं मला फार अप्रूप वाटतं. लेल्यांचं नाव आपल्याकडे जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही.

मी बसले. माझ्यासारखीला निःशब्द वगैरे होणं नव्हतंच, पण सूचना घेऊन बसायला काय हरकत होती? पहिली काही मिनिटं नुसतं रडू. मग हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली, आणि ती दिसली म्हणून हा सारा प्रवास लिहून काढावासा वाटला.

माझ्या डोक्यात वाक्यं येत होती. त्या आठवड्यात दुसरा डॉक्टर पाहिला असता तर. तिला नाशिकला दादाकडे न ठेवता ठाण्याला आणलं असतं तर. शेवटच्या रात्री तिला काही सांगायचं होतं का. ही वाक्यं मी महिनोन् महिने ऐकत होते आणि त्यांनाच माझं दुःख समजत होते. इथे बसल्यावर कळलं की ती खरोखर येतात. एक येतं, उत्तर मागतं, उत्तर दिलं नाही की दुसरं येतं. लेले म्हणाले तशी, बाहेरून. काही तर माझीही नव्हती. तेराव्याला कुणीतरी सहज बोलून गेलेलं एक वाक्य माझ्याच आवाजात माझ्या डोक्यात राहायला आलं होतं.

त्यांना आत घेतलं नाही की काय उरतं? छातीत एक जडपणा. त्याला शब्द नव्हते, प्रश्न नव्हते. आई नाही, एवढंच. तो जडपणा मी परतवू शकले नाही आणि मला परतवायचाही नव्हता. तो माझाच होता. पण वाक्यं बाजूला झाल्यावर तो सोसता येत होता. त्याच्याजवळ बसता येत होतं.

शांत बसलं की दुःख जातं असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. मला तसं दिसलं नाही. जातात ते आरोप. दुःख राहतं, पण निखळ राहतं. यातला फरक फार मोठा आहे.

मंगळवार

सकाळी गावात फिरले. आईच्या तोंडून ऐकलेली सगळी नावं: रावपुरा, मांडवी, सूरसागर. मधोमध शंकराची प्रचंड मूर्ती असलेला सूरसागर आईला ओळखू आला नसता.

सयाजीरावांची पहिली पत्नी चिमणाबाई १८८५ मध्ये क्षयानं गेली. महाराज तेव्हा बावीस वर्षांचे. अकरा वर्षांनी गावात दोन इमारती तिच्या नावानं उभ्या राहिल्या, रावपुऱ्यातला घड्याळाचा टॉवर आणि न्यायमंदिर. गावानं वेळ पाहायची तिच्याकडे आणि अलीकडेपर्यंत न्याय मागायचाही तिच्या दारात. राजाला हे परवडतं, हे खरं. तरी दुःखातून लोकांच्या उपयोगाची वस्तू करायची, हा विचार मला धरून राहिला.

दुपारी कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं पाहिली. गंगावतरणासमोर बराच वेळ उभी होते. भगीरथानं एवढी खटपट केली ती गेलेल्या माणसांसाठीच ना. बाकीच्या भिंतींकडे त्या दिवशी लक्ष लागलं नाही. पाय दुखायला लागले तशी घरी आले आणि कोपऱ्यावरची सेवउसळ मावशीबरोबर खाल्ली.

बुधवार

पहाटे मावशीच्या आवाजानं जाग आली. ती देवघरात गीताई वाचत होती. मनात नाही, पुटपुटत नाही, खणखणीत. मी अंथरुणातच पडून ऐकलं. आईचा आवाज तिच्यापेक्षा खालच्या पट्टीतला, पण ओळ संपवण्याची पद्धत दोघींची एकच. एकाच घरात शिकलेली.

चहा घेताना विचारलं, "एवढ्या मोठ्यांदा का वाचतेस?"

"काका गेले तेव्हापासून. मनात वाचायला बसलं की दोन ओळींवर मन पळायचं. मोठ्यांदा वाचलं की श्वास ओळीत अडकतो, मग मनाला जायला वाट राहत नाही. शेजारची म्हणायची, 'बेन, धीमे वांचो.' मी म्हटलं, वर्षभर सोसा मला."

मग विनोबांचा विषय निघाला. बडोद्याच्या मराठी घरांत विनोबा घरच्या माणसासारखे बोलण्यात येतात, कारण ते वाढले इथेच. जन्म १८९५ चा, गागोद्याचा, पण वडील नरहरराव बडोद्यात नोकरीला होते. इथल्या ग्रंथालयात त्यांनी तासन् तास वाचन केलं. २५ मार्च १९१६ ला इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेला उतरले आणि काशीची गाडी धरली. घर सुटलं ते सुटलंच.

आईशी त्यांची शेवटची भेट १९१८ ची. इन्फ्लुएंझाच्या साथीत घरातली माणसं आजारी पडली. गांधीजींनी साबरमतीहून त्यांना घरी पाठवलं. रुक्मिणीबाई ऑक्टोबरात गेल्या. आईचा अंत्यविधी मी स्वतः करीन, ब्राह्मण बोलवायचे नाहीत, असं विनोबा म्हणाले. हे तिला आवडलं नसतं, असं वडिलांचं म्हणणं. तेव्हा विनोबा स्मशानात गेलेच नाहीत. अंघोळ केली आणि घरी वेद घेऊन बसले. त्या दिवशी सुरू झालेला वेदाभ्यास पुढे पन्नास वर्षं चालला.

ही हकिकत मी आईकडून ऐकली होती, तेव्हा मला राग आला होता. आज मावशीशी वाद घातला. "अगं, तिला खांदा द्यायला पोटचा मुलगा नाही? आणि वडिलांनी काय चूक केली होती? ते तिच्याच बाजूनं बोलत होते."

मावशी थोडा वेळ झोपाळ्यावर गप्प होती. "नरहररावांचं बरोबरच होतं," ती म्हणाली. "पण तो मुलगा दुःख टाळत नव्हता. आईची साडी किती वर्षं उशाला घेऊन झोपायचा तो!"

हे मला माहीत होतं आणि तरी त्या क्षणी आठवलं नव्हतं. आईच्या दोनच वस्तू विनोबांनी जवळ ठेवल्या होत्या, तिची साडी आणि तिच्या पूजेतली अन्नपूर्णेची मूर्ती. पुढे खादीचं व्रत पक्कं झालं तेव्हा ती साडी त्यांनी साबरमतीत सोडली, आणि मूर्ती आश्रमातल्या काशीबा गांधींकडे पूजेसाठी दिली. म्हणजे वस्तू सुटल्या, पण सावकाश, आणि आधी कितीतरी रात्री डोक्याखाली घेतल्यावर.

आईनं मागितलेली एक गोष्ट मात्र राहिली होती. बडोद्यातच रुक्मिणीबाई गीतेच्या प्रवचनाला जायच्या, संस्कृत समजत नाही म्हणून मुलाला म्हणाल्या, मराठीत गीता आणून दे. त्यानं बाजारातली एक समश्लोकी आणून दिली, तीही त्यांना जड गेली. तेव्हा त्या म्हणाल्या, मग तूच का लिहीत नाहीस? हे त्या माउलीनं सहज म्हटलं असणार. मुलानं लिहायला घेतलं ७ ऑक्टोबर १९३० ला, वर्ध्याला. ६ फेब्रुवारी १९३१ ला पूर्ण झालं. ती जाऊन बारा वर्षं झाली होती. पहिली आवृत्ती छापून आली १९३२ मध्ये, विनोबा धुळ्याच्या तुरुंगात असताना.

बारा वर्षं! लोक मला तीन महिन्यांत विचारायला लागले होते, "आता बरं वाटतंय ना?" विनोबांसारख्या वैराग्याच्या पुरुषालाही आईचं मागणं पुरं करायला बारा वर्षं लागली, आणि त्या बारा वर्षांत त्यानं रोज अभ्यास केला, म्हणूनच ते पुरं करता आलं. स्मशानात न जाण्याबद्दल माझं मत अजूनही पूर्ण बदललेलं नाही. पण त्या दिवशी उघडलेल्या पोथीपासून गीताईपर्यंत एक सलग ओढ आहे, ती मला आज दिसली. आईला जे ऐकायचं होतं ते तो शिकत राहिला.

संध्याकाळी मावशीनं पुस्तक माझ्यापुढे धरलं. मी मान हलवली. तिनं काही न बोलता स्वतःच वाचलं.

गुरुवार

मावसभावाच्या गाडीतून गरुडेश्वर. डभोईला हिरा भागोळची कोरीव कमान गाडीतूनच पाहिली, थांबलो नाही, कारण मावशीला आरतीच्या आत पोचायचं होतं.

गरुडेश्वर म्हणजे टेंबे स्वामींचं, वासुदेवानंद सरस्वतींचं समाधिस्थान. सावंतवाडीकडच्या माणगावचे, जन्म १८५४ चा. त्यांची पत्नी अन्नपूर्णाबाई १८९१ मध्ये गोदावरीकाठी गंगाखेडला गेल्या. तिचं उत्तरकार्य आटोपून त्यांनी संन्यास घेतला आणि त्यानंतर सारा देश पायी पालथा घातला. वाहनात बसले नाहीत. अखेरचा मुक्काम नर्मदेकाठी, इथे. १९१४ च्या आषाढात देह ठेवला. त्यांनी केवढी स्तोत्रं लिहिली, किती ठिकाणची उपासनेची घडी बसवली, हे दत्तभक्तांना सांगायला नको. मी आज त्यांच्याकडे पाहत होते ते बायको गेलेला एक चाळिशी न गाठलेला माणूस म्हणून. तिच्या मागे त्यांनी चालायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत चालतच राहिले.

घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याशी गेलो. वर थोड्या अंतरावर सरदार सरोवराचं धरण आहे, त्यामुळे पाणी कधी किती असेल ते सांगता येत नाही. थंडी चांगली होती. मी गुडघ्यापर्यंत उतरले. पायाला गार लागलं तेव्हा अंगभर शहारा आला आणि बऱ्याच दिवसांनी शरीर आहे असं जाणवलं. दुःखात माणूस गळ्याच्या वरच राहायला लागतो. खाली हातपाय आहेत, त्यांना पाणी लागतं, दगड टोचतो, हे विसरूनच जातो.

घाटावर एक परिक्रमावासी बाई ओले कपडे वाळत घालत होत्या. विदर्भाकडच्या बोलण्यावरून ओळखलं. "नर्मदे हर" झालं. कशासाठी निघालात असं विचारू नये असं म्हणतात, मी विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "पोरगा गेला माझा. घरी बसून त्याच्याशी भांडत होते मी, का गेलास म्हणून. इथं चालता चालता भांडण संपलं. आता सकाळी निघताना त्याला सांगते, चल. तुम्ही कुणासाठी?"

"आईसाठी."

"मग मोठ्यानं हाक मारा तिला. माई आहे ऐकायला."

मी हाक मारू शकले नाही. पण वर मंदिरात आरती झाली, आणि मग सगळ्यांनी मिळून नामगजर धरला, 'दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा'. टेंबे स्वामींनीच दिलेला. सुरुवातीला मी नुसते ओठ हलवत होते. टाळांची गती वाढली, माझ्या एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ, दोघेही जीव तोडून म्हणत होते. कोणत्या फेरीला ते सांगता येणार नाही, पण माझा आवाज त्यांच्यात मिसळलेला मला ऐकू आला. विहिरीचा गंजलेला रहाट फिरायला लागावा तसा, करकरत. एकटीला जे जमत नव्हतं ते शंभर गळ्यांच्या आधारानं जमलं. कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं, कुणी सांत्वन करत नव्हतं. एकत्र म्हणण्याची ही आपली रीत किती शहाणी आहे! रडणाऱ्याला वेगळं बसवत नाही, त्याच्या हातात टाळ देते.

परतताना गाडीत मी भरपूर बोलले. आईबद्दल. तिला भेंडी आवडायची नाही इथपासून सुरुवात केली, आणि मावशीनं तिच्या शाळेतल्या खोड्या सांगितल्या. मावसभाऊ गाडी चालवता चालवता हसत होता.

शुक्रवार

नारेश्वरला जाऊन आलो. रंग अवधूत महाराजांचं स्थान. मूळचे रत्नागिरीकडचे वळामे, गोध्र्याला वाढलेले. टेंबे स्वामी त्यांचे गुरू. ५२ ओळींची दत्तबावनी त्यांचीच, गुजरातेत घराघरांत म्हणतात. मला ओढ होती ती मातृस्मृतिशैलाची. त्यांच्या आई, रुक्मांबा, उतारवयात इथे त्यांच्याजवळच राहिल्या. घर सोडलेल्या अवधूतानं आईला मात्र सोडलं नाही, आणि ती गेल्यावर तिचं स्मारक इथे झालं. त्यांच्या शिकवणुकीत श्वासागणिक नामस्मरण आहे. मी मोरांचे आवाज ऐकत झाडाखाली बसून ते करून पाहिलं. सोमवारची वाक्यं आली, पण आता मला त्यांची ओळख होती. त्यांना काही विचारलं नाही.

रात्री नऊ वाजता मी देवघरातून पुस्तक काढलं. मावशी झोपाळ्यावर होती, तिनं झोका थांबवला. दहावा अध्याय काढला, ४२ श्लोकांचा. पहिल्या श्लोकाला आवाज दोनदा फाटला. मी थांबले, श्वास घेतला, पुन्हा तिथूनच धरलं. मग ओळींनीच मला पुढे नेलं. मध्ये एका ठिकाणी डोळ्यांतल्या पाण्यानं अक्षरं दिसेनात तेव्हा मावशी पाठ म्हणत राहिली, आणि मी मागून आले. पुढे एकदा माझा एक शब्द चुकला. मावशीनं ताबडतोब अडवलं. "नीट म्हण."

मी नीट म्हटलं.

शनिवार

संध्याकाळची गाडी होती. दुपारी मावशीनं डब्यात लिलवाची कचोरी भरली आणि मग आम्ही ज्येष्ठातल्या वर्षश्राद्धाचं ठरवायला बसलो. चांदोदला करायचं, ओरसंग नर्मदेला मिळते त्या संगमावर. दादाला फोन लावला. विधी तो करेल, पण त्याआधी सकाळी घाटावर बसून सगळ्यांनी मिळून अठराही अध्याय मोठ्यांदा म्हणायचे, असं मी सुचवलं. दादा आधी गप्प झाला. त्यानं आई गेल्यापासून तिचं नावही काढलं नव्हतं. मग म्हणाला, "अकरावा मला दे. लहानपणी आईनं माझ्याकडून पाठ करून घेतला होता. बघतो येतोय का."

वहिनीला बारावा, वीसच श्लोकांचा, कारण ती पहिल्यांदाच म्हणणार. भाच्याला पंधरावा. मावसभावानं दुसरा घेतला, स्थितप्रज्ञाचे श्लोक त्याला शाळेपासून येतात. नववा मी माझ्याकडे ठेवला. तोपर्यंत रोज रात्री नऊला मी मावशीला फोन करायचा आणि एक अध्याय वाचायचा, हेही ठरलं.

अठरावा राहिला. ७८ श्लोकांचा, सगळ्यांत लांब. मी म्हटलं, मावशी, तो दोघींत वाटून घेऊ, उन्हाळ्यात तुला एवढं झेपायचं नाही. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"ज्येष्ठात मला ७८ पूर्ण होतायत," ती म्हणाली. "वर्षाला एक श्लोक. सगळा मीच म्हणणार. तू फक्त पाण्याचा तांब्या जवळ ठेव."